पित्ताचा हिशेब : आतडे आणि यकृत यांमधील संदेशव्यवहार

मराठी बोलण्यात ‘पित्त’ हा शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. आंबट ढेकर येऊन छातीत जळजळू लागले की ‘पित्त झाले’ असे म्हणतात. अंगावर खाजऱ्या गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी लावतात. डोके दुखून कडू उलटी झाली की ‘पित्त पडले’ म्हणून हायसे वाटते. आयुर्वेदातील त्रिदोषांपैकी पित्त ही आणखी एक निराळी संकल्पना होय. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानात मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस, एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. छातीतील जळजळ जठरातील अम्लामुळे होते आणि अंगावरील गांधी पुष्कळदा ॲलर्जीमुळे उठतात. या दोन्हींचा यकृतातील रसाशी थेट संबंध नसतो. परंतु सर्वांना नाव एकच असल्यामुळे खऱ्या पित्ताचा मार्ग बिघडला असता दिसणारी लक्षणेही ‘पित्तच आहे, जाईल’ म्हणून दुर्लक्षिली जातात. कधी कधी त्याची किंमत फार मोठी असते. म्हणून हा रस कशासाठी असतो, शरीर त्याचे नियमन कसे करते आणि ते नियमन बिघडल्याची खूण कोणती, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पित्ताचे कार्य

यकृत दररोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते पित्तनलिकांवाटे खाली येते आणि जेवणाची वेळ नसेल तेव्हा यकृताच्या खालच्या अंगाला असलेल्या पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठते. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर द्रव मावतो. तथापि ती पित्तातील पाणी शोषून घेऊन ते कित्येक पटींनी घट्ट करीत असल्यामुळे बराच ऐवज थोड्या जागेत राहतो.

या रसातील सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे पित्ताम्ले. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनविते. तुपातेलाचे हात नुसत्या पाण्याने धुतले तर चिकटपणा जात नाही. साबण लावला की तेलाचे बारीक कण होऊन ते पाण्याबरोबर निघून जातात. पित्ताम्ले आतड्यात हेच काम करतात. आहारातील स्निग्ध पदार्थांचे ती अतिसूक्ष्म कण करतात, त्यामुळे स्वादुपिंडाच्या पाचक रसाला त्यांचे पचन करता येते. अ, ड, ई आणि के ही स्निग्धांशात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठीही पित्ताम्लांची आवश्यकता असते.

साठा थोडा, फेऱ्या अनेक

येथे एक लक्षणीय गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रौढ माणसाच्या शरीरातील पित्ताम्लांचा एकूण साठा साधारणपणे अवघा ३ ग्रॅम असतो. दिवसभराच्या आहारातील स्निग्धांश पचविण्यास तेवढा पुरेसा नाही. म्हणून शरीर तोच साठा पुनःपुन्हा वापरते. आतड्यात उतरलेली पित्ताम्ले आपले काम आटोपून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेषांत्रात पोहोचली की तेथे त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक शोषली जातात. तेथून ती रक्तावाटे पुन्हा यकृतात येतात आणि पित्तातून परत आतड्यात उतरतात. अशा फेऱ्या दिवसाकाठी सहा ते दहा होतात. मळाबरोबर बाहेर जाते ते केवळ सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढीच भर यकृत दररोज नव्याने घालते.

म्हणजे हा व्यवहार एखाद्या काटकसरी संसारासारखा आहे. परंतु त्यात दोन प्रश्न उद्भवतात. जेवण झाले, आता पिशवी रिकामी करावयाची, हे पित्ताशयाला कोण सांगते? आणि किती पित्ताम्ले परत आली, नवी किती करावयाची, हा हिशेब यकृताला कसा कळतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाले. दुसऱ्याचे उत्तर पुरतेपणी मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

रक्तावाटे जाणारा सांगावा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पचनेंद्रियांना मिळणाऱ्या सर्व सूचना मज्जातंतूंवाटेच जातात, असा समज प्रचलित होता. १९०२ मध्ये लंडन येथे विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून तेथे सौम्य अम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग आतड्याचे अस्तर खरवडून त्याचा अर्क त्यांनी रक्तात टोचला, तेव्हाही तोच परिणाम दिसला. याचा अर्थ असा की आतड्यातून निघालेला एखादा पदार्थ रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत जात होता. या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. अशा संदेशवाहक द्रव्यांना १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा योजिली. मराठीत त्यांनाच संप्रेरके म्हणतात. सिक्रेटिनमुळे पित्तनलिकांतूनही अम्ल मारणारा पाणीदार क्षारयुक्त स्राव वाढतो, असे पुढे आढळून आले.

पित्ताशयाला हलविणारे संप्रेरक १९२८ मध्ये अँड्र्यू आयव्ही व एरिक ओल्डबर्ग यांनी अमेरिकेत दाखवून दिले. त्याचे नाव कोलेसिस्टोकायनिन. या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘पित्ताची पिशवी हलविणारे’ असा आहे. जेवणातील स्निग्धांश व प्रथिने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात येताच तेथील विशिष्ट पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते. त्याच वेळी पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला स्नायूंचा दरवाजा सैल होतो. १८८७ मध्ये रुगेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्याने वर्णन केलेला हा दरवाजा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९४३ मध्ये स्वादुपिंडातील पाचक द्रव्यांना चालना देणारे आणखी एक संप्रेरक सापडले, असे वाटले होते. परंतु ही दोन्ही एकच असल्याचे १९६० नंतरच्या दशकात स्वीडनमधील एरिक योर्पेस व व्हिक्टर मुट यांनी सिद्ध केले.

संप्रेरक रक्तावाटे सर्व शरीरभर फिरते, मग त्याचा परिणाम ठराविक अवयवावरच का होतो? त्याचे कारण ग्राही हे होय. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर किंवा तिच्या आत असलेला असा प्रथिनाचा रेणू की जो ठराविक द्रव्यालाच धरतो. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, तसा हा प्रकार. पित्ताशयाच्या स्नायूंवर कोलेसिस्टोकायनिनचे ग्राही असतात, म्हणून ते त्या संदेशाला प्रतिसाद देतात.

पित्ताम्ले स्वतःच संदेश होतात

दीर्घकाळपर्यंत पित्ताम्लांकडे केवळ शरीरातील साबण म्हणून पाहिले जात असे. १९९९ मध्ये ही दृष्टी बदलली. अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी जवळजवळ एकाच वेळी असे दाखविले की पेशींच्या आत असलेला एफएक्सआर नावाचा ग्राही पित्ताम्लांनाच ओळखतो. हा ग्राही यकृतात तसाच शेषांत्रातही विपुल असतो. पित्ताम्ल त्याला येऊन चिकटले की पेशीतील काही जनुके कार्यान्वित होतात व काहींचे कार्य मंदावते. थोडक्यात, पित्ताम्लांची मोजदाद ठेवणारा जणू कारकूनच शरीराने नेमला आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहू. जेवणानंतर पित्ताम्ले शेषांत्रात शोषली जाऊ लागली की तेथील पेशींमधील एफएक्सआर जागृत होतो आणि त्या पेशी एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरक तयार करतात. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवाटे ते यकृतात पोहोचते. तेथे त्याचे स्वतंत्र ग्राही असतात. ‘माल परत आला आहे, नवा करण्याची घाई नको’ असाच जणू तो निरोप असतो. तो मिळताच कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करण्याच्या क्रियेतील पहिली व निर्णायक पायरी मंदावते. उंदरांतील याच जातीच्या संप्रेरकाचे हे कार्य अमेरिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये सिद्ध केले. इतकेच नव्हे, तर हेच संप्रेरक पित्ताशयाला सैल करून ते पुन्हा भरण्यास मदत करते, असेही उंदरांवरील प्रयोगांत आढळले. एक संप्रेरक पिशवी रिकामी करण्याची आज्ञा देते, तर काही वेळाने दुसरे ती भरण्याची सोय करते.

पित्ताम्लांचा आणखी एक ग्राही २००२ व २००३ मध्ये जपानमधील संशोधकांनी वर्णिला. त्याला टीजीआर-५ असे नाव आहे. मोठ्या आतड्यातील जीवाणू यकृताने केलेल्या पित्ताम्लांत बदल घडवून आणतात, आणि ही बदललेली पित्ताम्ले या ग्राहीला अधिक चेतवितात. परिणामी आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. ते जेवणानंतर इन्शुलिनचा स्राव वाढविते. अशा रीतीने पित्ताचा संबंध रक्तातील साखरेपर्यंत जाऊन पोहोचतो.

निरोप पोहोचला नाही तर

आतड्याचा क्षयरोग भारतात अपरिचित नाही, आणि तो बहुधा शेषांत्राच्या शेवटच्या टोकाशी, मोठे आतडे जेथे सुरू होते तेथेच ठाण मांडतो. रोगामुळे आतड्याचा तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला, तर पित्ताम्ले शोषून घेणारी जागाच नाहीशी होते. ती मोठ्या आतड्यात उतरून पाणी सुटते व जुलाब होतात. शेषांत्र फार मोठ्या प्रमाणात काढले गेले असेल तर यकृताची भरपाईही अपुरी पडते आणि मळावाटे स्निग्धांश जाऊ लागतो. काही रुग्णांत तर आतडे दिसण्यास धडधाकट असते, परंतु एफजीएफ-१९ कमी पडते. निरोप न मिळाल्याने यकृत गरजेपेक्षा अधिक पित्ताम्ले करीतच राहते व पुन्हा जुलाबच होतात. ही कारणमीमांसा २००९ मध्ये पुढे आली. वर्षानुवर्षे ‘पोट हलके आहे’ असे समजून दिवस काढणाऱ्या अशा रुग्णांना पित्ताम्ले धरून ठेवणाऱ्या औषधाने आराम पडू शकतो. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या जुलाबांची तपासणी अवश्य करून घ्यावी.

पित्ताशयातील खडे होण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक म्हणजे पित्त साठून राहणे. स्निग्धांश अत्यल्प असलेला आहार कित्येक आठवडे घेऊन वजन झपाट्याने उतरविले, तर कोलेसिस्टोकायनिनचा सांगावा पुरेसा जात नाही आणि पिशवी नीट रिकामी होत नाही. शिवाय अशा वेळी पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाणही वाढते, आणि खडे धरण्यास अनुकूल परिस्थिती निर्माण होते. एखाद्या एकादशीच्या उपवासाची ही गोष्ट नव्हे. तथापि वजन कमी करणे ते बेताबेताने आणि वैद्यकीय सल्ल्याने करावे. जीएलपी-१ च्या धर्तीवरील औषधे घेणाऱ्यांमध्येही पित्ताशयाचे विकार काहीसे अधिक आढळले आहेत, हे त्या औषधांच्या वापरकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

या हिशेबाचा उपयोग

शरीराच्या या हिशेबीपणाचा वैद्यकाने उपयोगही करून घेतला आहे. कोलेस्टिरामिन या औषधाची भुकटी आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते व मळावाटे बाहेर नेते. मग शेषांत्राकडून यकृताला जाणारा निरोप क्षीण होतो. यकृत नवी पित्ताम्ले करू लागते आणि त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल रक्तातून ओढून घेते. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल त्यामुळे उतरते. अमेरिकेत ३,८०६ मध्यमवयीन पुरुषांवर सरासरी सुमारे सात वर्षे केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हे औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका किंवा त्याने येणारा मृत्यू यांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. आज त्याहून अधिक परिणामकारक औषधे उपलब्ध असल्याने याचा वापर मर्यादित झाला असला, तरी तत्त्व तेच कायम आहे.

हेच तत्त्व सौम्य स्वरूपात स्वयंपाकघरातही लागू पडते. गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशात पिकणाऱ्या इसबगोलाच्या भुशीत पाण्याने फुगणारा चिकट तंतुमय अंश असतो. तो आतड्यात काही पित्ताम्ले अडकवून बाहेर नेतो. मेथीदाणे, डाळी व कडधान्ये यांतही अशा प्रकारचा तंतुमय अंश आहे. इसबगोल घेताना मात्र भरपूर पाणी प्यावे, आणि चालू असलेले औषध त्यासाठी परस्पर बंद करू नये.

गरोदरपणातील खाज

पित्ताम्ले यकृतातून पित्तात उतरण्याऐवजी रक्तात साचू लागली तर काय होते, याचे महत्त्वाचे उदाहरण गरोदरपणात आढळते. संप्रेरकांचे प्रमाण वाढल्यामुळे काही स्त्रियांच्या यकृतातून पित्ताचा प्रवाह मंदावतो. बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत तळहात व तळपाय यांना खाज सुटते. रात्री ती वाढते, पुढे अंगभर पसरते. परंतु खाजविल्याच्या ओरखड्यांखेरीज त्वचेवर गांधी किंवा पुरळ दिसत नाही. घरातील वडीलधारी माणसे हिलाही ‘पित्त’ म्हणतात व आमसुलाचे पाणी लावतात. नाव योगायोगाने बरोबर असते, उपाय मात्र पुरेसा नसतो.

या विकारात आईला फारसा धोका नसतो आणि प्रसूतीनंतर खाज थांबते. पोटातील बाळाला मात्र धोका संभवतो. रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण दर लिटरला १०० मायक्रोमोल किंवा त्याहून अधिक झाले असता बाळ पोटात दगावण्याचा संभव वाढतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासातून स्पष्ट झाले. यासाठी रक्ताची तपासणी करता येते आणि प्रसूती केव्हा करावी याचा निर्णय डॉक्टरांना घेता येतो. म्हणून गरोदर स्त्रीने पुरळाशिवाय येणाऱ्या खाजेची तक्रार केली, तर आरोग्यसेविकेने तिची नोंद करून तिला त्वरित आरोग्य केंद्रात पाठवावे.

तान्ह्या बाळाची पांढरी शी

नवजात बालकांपैकी अनेकांना पहिल्या आठवड्यात सौम्य कावीळ होते व ती सामान्यतः दोन आठवड्यांत उतरते. परंतु दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे राहिले, लघवीचा डाग लंगोटावर गडद पिवळा पडू लागला आणि शी खडूसारखी पांढरट किंवा राखट होऊ लागली, तर ती साधी कावीळ नव्हे. मळाला रंग येतो तो पित्तातील रंगद्रव्यामुळे. तो रंग गेला, याचा अर्थ पित्त आतड्यात उतरत नाही. काही बालकांच्या पित्तनलिका जन्माच्या सुमारास बंद पडत जातात, हे त्याचे एक कारण असते. पित्त कोंडून यकृत कठीण बनते. शिवाय के जीवनसत्त्व शोषले न गेल्याने रक्तस्रावाचाही धोका राहतो. उपचार न झाल्यास अशी बहुतेक बालके दोन वर्षांच्या आत दगावतात.

जपानमधील शल्यविशारद मोरिओ कसाई यांनी आतड्याचा भाग थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ती बालक ६० दिवसांचे होण्याच्या आत झाल्यास यशाचा संभव अधिक असतो. विलंबागणिक तो घटत जातो. काहींना पुढे यकृतारोपणही लागते. तैवानमध्ये शीच्या निरनिराळ्या रंगांची चित्रे असलेले कार्ड मातांना देण्याचा उपक्रम २००२ मध्ये सुरू झाला व २००४ पासून तो देशभर राबविण्यात आला. परिणामी अधिक बालके वेळेवर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचू लागली. एक छापील कार्ड आणि आईची नजर यांपलीकडे त्यासाठी कसलीही सामग्री लागली नाही.

आपल्याकडे अशा बालकाला कोवळ्या उन्हात धरणे, गळ्यात काविळीची माळ घालणे किंवा कावीळ उतरविणाऱ्याकडे नेणे, यांत मोलाचे दिवस निघून जातात. या दिवसांचे मोल साठातून वजा करून मोजावे लागते. अंगणवाडी सेविका, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी प्रत्येक बाळंतिणीला एवढेच विचारावे : बाळ दोन आठवड्यांचे झाले, डोळे पिवळे आहेत काय? शीचा रंग कोणता आहे? शी पांढरट असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन कावीळ कोणत्या प्रकारची आहे, याची रक्ततपासणी करून घ्यावी.

आतडे व यकृत यांमध्ये दिवसरात्र चालणारा हा संदेशव्यवहार निरोगी माणसाला जाणवतही नाही. तो बिघडला की शरीर बाहेरच्यांना निरोप देऊ लागते. पुरळाशिवायची खाज, गडद लघवी, पांढरी शी, न थांबणारे जुलाब हे ते निरोप होत. ते वाचता येण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही; घरातील माणसाचे लक्ष आणि वेळेवर टाकलेले पाऊल एवढ्याने आरंभ होतो.